कचऱ्याच्या फाइलीत ठेका : १९६५ ची इंडो-जॅझ एलपी घरच्या घरी डिजिटाइज करतानाच्या नोंदी

११ जानेवारी

लंडनमधल्या हॅरोच्या काकूंचं घर आवरायला गेले होते. सख्ख्या काकू नाहीत, पण काका-काकू साठच्या दशकात इथं आले तेव्हापासून आमच्या घरच्यांची ओळख, त्यामुळे काकूच. काका जाऊन दोन वर्षं झाली, आता त्या लहान फ्लॅटमध्ये जाणार. गॅरेजमध्ये ओल लागलेला एक खोका निघाला, त्यात १४ एलपी आणि मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या दोन जुन्या तबकड्या. काकू म्हणाल्या, "ने सगळं, मला कशाला ते, यांचा नाद होता."

बहुतेक हिंदी सिनेमे, थोडं शास्त्रीय. आणि मध्येच एक इंग्लिश बनावटीचं पाकीट, मागे कडा दुमडून चिकटवलेल्या असतात ना तसलं : इंडो-जॅझ सूट, जो हॅरिअट डबल क्विंटेट, दिग्दर्शन जॉन मेयर. मला जॅझमधलं फार कळत नाही, बाजूला ठेवणार होते, पण मागे वादकांची नावं वाचली आणि तबल्यापुढे केशव साठे! लंडनमध्ये, जॅझच्या तबकडीवर, साठे. आमच्या घरात कुणी हे नाव कधी काढलेलं आठवत नाही.

ठरवलं की ही डिजिटाइज करायची आणि करताना लिहून ठेवायचं, कारण इंग्लिशमध्ये एलपीबद्दल शेकडो जणांनी लिहिलंय, पण ज्या तबकडीवर तबला आणि तंबोरा आहे तिचं काय करायचं ते कुणी लिहीत नाही. हा फरक किती मोठा आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

१२ जानेवारी

सफाई. पहिल्याच दिवशी पहिला घात.

एलपीवर बुरशीचे पांढरे ठिपके होते. आधी भांड्याचा साबण आणि किचन टॉवेल घेतला, टॉवेलचे धागेच खाचांत जाऊन बसले. मग एका व्हिडिओत पाहून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात पातळ करून, मायक्रोफायबरने खाचांच्याच दिशेने गोल गोल पुसलं. छान निघालं. त्या आनंदात ७८ ची एक तबकडी घेतली आणि तीही त्याच पाण्याने पुसली.

करू नका. ७८ च्या जुन्या तबकड्या व्हायनलच्या नसतात, लाखेच्या असतात, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही माणसाला हे माहीत असतं, मला नव्हतं. कापडाला तपकिरी रंग लागला तेव्हा मला वाटलं किती घाण निघतेय! ती घाण नव्हती, ती तबकडीच होती. एका बाजूची चमक गेली, पृष्ठभाग चिकट झाला. जुनं नाट्यसंगीत, काकांच्या वडिलांच्या वेळचं. काकूंना अजून सांगितलेलं नाही.

एलपीसाठी शेवटी जे जमलं ते : डिस्टिल्ड वॉटर, त्यात अगदी थेंबभर साधं लिक्विड, मऊ ब्रश, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुन्हा एकदा, आणि रात्रभर उभी करून वाळवायची. नळाचं पाणी नको, लंडनचं पाणी इतकं जड आहे की किटलीत थर बसतो, तोच थर खाचेत बसेल. ब्रश आणि पाणी मिळून १७ पाउंड.

१८ जानेवारी

सेकंडहँड टर्नटेबल ८५ पाउंडांना घेतलं, नवी सुई २४. वायर सरळ लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घातली. आवाज आला, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. डग्गा तर नाहीच. मी अर्धा दिवस सुईला दोष देत होते.

कारण वेगळंच आहे. एलपी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की बाजू दहा मिनिटांत भरेल, आणि वरचे सूर वाढवून कापतात. वाजवताना हे उलटं करायला फोनो प्रीअँप लागतो. तो नसला तर खालचं सगळं गायब. ३८ पाउंडांचा साधा प्रीअँप आणला, लावला, आणि डग्गा आला. घुमारा असा की खिडकीची काच वाजली.

ही प्रत मोनो आहे, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आवाज. ही काढणाऱ्या कोलंबिया या ब्रिटिश रेकॉर्ड कंपनीच्या नंबरात आधी एसएक्स असेल तर मोनो, एससीएक्स असेल तर स्टिरिओ. मोनोच आहे म्हटल्यावर मी रेकॉर्ड करतानाच दोन्ही चॅनल एकत्र करून एकच ट्रॅक सेव्ह केला, म्हटलं जागा निम्मी लागेल. हा शहाणपणा लक्षात ठेवा, पुढे नडणार आहे.

१९ जानेवारी

सगळ्या रेकॉर्डिंगखाली गुरगुर. विजेची, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली, १००, १५०, २०० अशी. सॉफ्टवेअरमध्ये अशा गुरगुरीसाठी फिल्टर असतो तो लावला, गुरगुर गेली, खूश होऊन चहा केला.

चहा पिता पिता ऐकलं तर डग्ग्याला भोकं पडलेली. डग्ग्यावर मनगट घासून जो सूर चढवतात ना, तो साधारण याच पट्ट्यातून वर सरकत जातो, आणि फिल्टर वाटेत ठिकठिकाणी खड्डे खणून बसलेला. म्हणजे 'घे' हा बोल सुरू होतो, मध्येच बुडतो, पुढे पुन्हा वर येतो. ड्रमसेटला याचा तितका फटका बसला नाही, त्याचा ठोका एका जागी असतो. घसरणारा सूर असलेल्या वाद्यालाच नेमकं लागतं.

फिल्टर काढून टाकला. खरा उपाय फुकट होता : टर्नटेबलमधून एक बारीक हिरवी वायर लोंबत होती, ती प्रीअँपच्या अर्थिंगच्या स्क्रूला लावायची असते. मी ती जादाची समजून टेपने गुंडाळून ठेवली होती. एक दिवस गेला.

२५ जानेवारी

सूर चढा लागतोय असं वाटत होतं. काकू गाण्याच्या परीक्षा दिलेल्या, त्यांच्याकडे जुना तंबोऱ्याचा बॉक्स आहे, पण सतारीचा षड्ज कुठे लावला होता हे आपल्याला कुठे माहीत? मग लक्षात आलं की या तबकडीवर पियानो आहे, पॅट स्माइथ यांचा, आणि पियानो काही कुणाच्या गळ्याप्रमाणे लावत नाहीत. एक मोकळी जागा शोधून फोनवरच्या ट्यूनरवर पियानोचा 'ए' हा सूर पाहिला : ४४० हर्ट्झऐवजी ४४६. म्हणजे टर्नटेबल जवळजवळ १.४ टक्के जोरात फिरतंय. ऐकायला अर्ध्या सुराचा पाव भाग. पण वीस मिनिटांची बाजू सोळा-सतरा सेकंद आधीच संपते.

खात्रीसाठी स्ट्रोबची कागदी चकती छापली. ५० हर्ट्झच्या विजेवर एलपीच्या मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या वेगाला १८० रेघा लागतात, वेग बरोबर असेल तर त्या स्थिर दिसतात. मला रेघाच दिसेनात, नुसता राखाडी पट्टा. तासभर प्रिंटरची शाई तपासली. मग समजलं की माझे एलईडी दिवे लुकलुकतच नाहीत, आणि दिवा लुकलुकल्याशिवाय स्ट्रोब चालत नाही. शेवटी टर्नटेबल उचलून काकूंच्या गॅरेजमध्ये नेलं, तिथं चोकवाली जुनी ट्यूबलाइट आहे, तिच्याखाली रेघा लख्ख दिसल्या आणि हळूहळू पुढे पळत होत्या. काकू म्हणाल्या, "अगं, थंडीत इथं काय करतेयस?" मी सांगितलं वेग मोजतेय. "वेगळीच आहेस," म्हणाल्या आणि स्वेटर आणून दिला.

मोटरखाली वेगाचा बारीक स्क्रू होता, तो फिरवून रेघा थांबवल्या. बेल्टही सैल होता, ९ पाउंडांचा नवा घातला आणि मग स्क्रू पुन्हा लावावा लागला. आधी बेल्ट बदला, मग वेग लावा. उलट केलं की काम दोनदा.

२ फेब्रुवारी

या आठवड्यात तबकडीला हात लावला नाही, माणसं शोधली. इथंही वेळ वाया घालवला, तो आधी सांगते. लेबलवर कोलंबिया वाचून मी अमेरिकन कोलंबियाच्या याद्या धुंडाळत बसले, चार संध्याकाळी. ते कोलंबिया वेगळं आणि इंग्लंडमधलं ईएमआय कंपनीचं कोलंबिया वेगळं, नाव तेवढं एक. ही तबकडी अमेरिकेत अटलांटिक कंपनीने काढली होती. दुसरं म्हणजे नावांची स्पेलिंग. सतारीवर दिवाण मोतीहार, पण माझ्या पाकिटावर ते 'मोथार' झालेत, दुसरीकडे दिवाणचं 'देवान'. तंबोऱ्यावर चंद्रहास 'पैगणका'. माझा अंदाज की शेवटचा र गळाला, पैंगणकर असणार. अशी नावं शोधताना तीन-चार स्पेलिंग करून बघा, नाहीतर माणूस सापडतच नाही.

तर मंडळी अशी. रेकॉर्डिंग ऑक्टोबर १९६५, लंडन, तबकडी १९६६ ला बाजारात. (बीटल्सवाले गाण्यात पहिल्यांदा सतार वाजवत होते तोही हाच महिना आणि हेच शहर. त्यांच्यावर किती लिहिलं गेलंय आणि यांच्यावर किती, ते बघा.) जॉन मेयर कलकत्त्याचे अँग्लो-इंडियन, १९५२ मध्ये शिष्यवृत्तीवर रॉयल अकॅडमीत आले, मग लंडन फिलहार्मोनिक आणि रॉयल फिलहार्मोनिकमध्ये व्हायोलिन वाजवून पोट भरायचं आणि घरी स्वतःचं संगीत लिहायचं. जो हॅरिअट किंग्स्टन, जमैकाचे, १९५१ मध्ये इंग्लंडला आले, आल्टो सॅक्सोफोन, साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच ठरीव चौकट सोडून मुक्त जॅझ करणारे. जन्म १९२८. केशव साठे मुंबईचे, १९५६ ला लंडनला आले. जन्म १९२८. एक किंग्स्टनचा, एक मुंबईचा, एकाच वयाचे, सदतिसाव्या वर्षी एका खोलीत. बास वाजवणारे रिक लेअर्ड तर डब्लिनचे, पुढे महाविष्णू ऑर्केस्ट्रा या जॅझ-रॉक ग्रुपमध्ये गेले.

मेयर यांनी सांगितलेली गोष्ट मला फार आवडली. निर्माते डेनिस प्रेस्टन यांना एका तबकडीत थोडी जागा भरायला छोटा तुकडा हवा होता, त्यांनी विचारलं तुमच्याकडे आहे का काही, मेयर म्हणाले आहे की. नव्हता. रात्रीत बसून लिहिला, दुसऱ्या दिवशी वाजवला. प्रेस्टननी तो न्यूयॉर्कला अटलांटिकच्या अहमत एर्तेगुन यांना ऐकवला, त्यांना इतका आवडला की म्हणाले याची आख्खी एलपी करा, हॅरिअटचं पंचक आणि शेजारी भारतीय पंचक. म्हणून डबल क्विंटेट.

आता त्या 'भारतीय' पंचकात कोण ते मोजा : सतार, तबला, तंबोरा, बासरी आणि व्हायोलिन. बासरीवर ख्रिस टेलर, म्हणजे इंग्लिश माणूस, आणि व्हायोलिनवाले मेयर मधूनच हार्प्सिकॉर्डही वाजवतात. दोन बाजूंमधली भिंत पाकिटावर जेवढी जाड छापलीय तेवढी खोलीत नसावी.

८ फेब्रुवारी

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची, घाई असेल तर हीच वाचा.

वेग, अर्थिंग, प्रीअँप सगळं नीट करून पुन्हा रेकॉर्ड केलं. राहिली टिकटिक, खरखर. सॉफ्टवेअरमध्ये क्लिक काढायचं बटण असतं, मी जोरात लावलं. टिकटिक गेली, आवाज काय स्वच्छ! एका मित्राला पाठवलं, तो स्वतः तबला शिकलाय. त्याचा मेसेज : "मस्त. पण ना कुठाय?"

मला कळेना. मग तोच तुकडा आधीचा आणि नंतरचा लावून ऐकला. आधी चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, 'ना' हा बोल टणकन लागतो. नंतर तिथं कुणीतरी कापडावर बोट आपटल्यासारखं. सगळे 'ना', सगळे 'ता' बोथट, आणि डग्गा मात्र जसाच्या तसा.

या सॉफ्टवेअरला विचारता येतं की तू काढलंस तेवढंच मला ऐकव. ऐकलं. मी नुसती खरखर ऐकायच्या तयारीने बसले होते, आणि त्या कचऱ्याच्या फाइलीत ठेका वाजत होता. धूळ, ओरखडे, बुरशी, आणि त्यांच्यामध्ये साठ्यांची बोटं, नुसती टोकं, बाकी काही नाही, ना सॅक्सोफोन ना पियानो. एकदा हसू आलं मग आलं नाही.

कारण साधं आहे. मशीनला क्लिक म्हणजे एकदम वर उडी मारणारा टोकदार आवाज. तबल्याचा बोल सुरू होताना नेमका तसाच दिसतो. सॅक्सोफोन फुगत फुगत येतो, त्याला मशीन हात लावत नाही. म्हणजे ही बटणं ज्यांनी बनवली त्यांनी कुठलं संगीत समोर ठेवून तपासली असतील ते यावरून कळतं. काहीही काढलं की आधी काढलेलं ऐका. हे मी पहिल्या दिवसापासून करायला हवं होतं, डग्ग्याला भोकं पडली तेव्हाच शहाणं व्हायचं ना.

९ फेब्रुवारी

रात्रभर यावर वाचलं आणि एक युक्ती सापडली, आणि तिनेच १८ जानेवारीचा शहाणपणा उघडा पडला.

मोनो तबकडीत संगीत खाचेच्या फक्त डाव्या-उजव्या हालचालीत असतं. धूळ मात्र सुईला वरखालीही उडवते. स्टिरिओ सुईने वाजवलं की संगीत दोन्ही चॅनलमध्ये सारखं येतं, धूळ सारखी येत नाही. म्हणून एका चॅनलमधून दुसरा वजा केला की संगीत जवळजवळ नाहीसं होतं आणि उरतो तो मुख्यतः तबकडीचा कचरा. म्हणजे प्रत्येक शंकास्पद ठोक्याला विचारता येतं, बाबा तू धूळ आहेस की बोल? वजाबाकीत दिसला तर धूळ, नाही दिसला तर तबला.

फक्त त्यासाठी दोन्ही चॅनल वेगवेगळे लागतात. आणि मी ते पहिल्यापासून एकत्र करून टाकले होते, जागा वाचवायला!

पुन्हा दोन्ही बाजू रेकॉर्ड केल्या, यावेळी स्टिरिओ, २४ बिट. वजा करण्याआधी दोन्ही चॅनलची पातळी जुळवावी लागते, माझ्या सुईत डावीकडे जरा जास्त येतंय, ते अगदी थोडं थोडं हलवत संगीत सगळ्यात बारीक होईल तिथं थांबायचं. पूर्ण नाहीसं होत नाही, मागे भुतासारखं पुसट राहतं. चालतं.

१५ फेब्रुवारी

खाली एक सतत सूं आवाज राहिला होता. सुरुवातीच्या रिकाम्या खाचेतून त्या आवाजाचा नमुना घेतला आणि १८ डेसिबल कमी केला. आज पेनड्राइव्ह घेऊन काकूंकडे गेले. जेवणं झाली होती, दुपारचे दोन वगैरे, या तबकडीवरचा राग गौड सारंग लावला. वेळही बरोबर, दुपारचाच राग. काकू डोळे मिटून ऐकत होत्या, मध्येच हात वर करून 'ग रे म ग' असं स्वतःशीच गुणगुणल्या. म्हणाल्या, "वाकडी चाल आहे या रागाची, सरळ धावलं की सांडतो. यांचा तो शिंगवाला धावतोय खरा, पण मधूनच थांबून बघतोय, ते बरंय." शिंगवाला म्हणजे हॅरिअट. मग पाकीट हातात घेतलं, चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "इथं तंबोरा लिहिलाय. तो वाजत का नाही?"

मी म्हटलं बारीक असेल, दहा जणांत. "बारीक असला तरी तंबोरा जाणवतो गं. नाहीचे हा."

घरी येऊन काढलेलं ऐकलं. होता. कचऱ्यात. तंबोऱ्याच्या जवारीची जी झणझण असते, वरच्या स्वरांचा पातळ सतत पडदा, तो मशीनला सूं आवाजच वाटला. सतत आहे, बदलत नाही, कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही, म्हणजे काढून टाका. चंद्रहासराव बिचारे, पाकिटावर आडनाव अर्धं आणि माझ्या फाइलीत सबंध माणूसच गायब.

तो सगळा टप्पा रद्द. सूं आवाज राहू दिला. फार खटकला तर ३-४ डेसिबल, त्याच्या पलीकडे नाही, आणि नमुना घेताना त्या खाचेत तंबोऱ्याची एकही तार सुरू झालेली नाही हे कान लावून बघायचं.

१६ फेब्रुवारी

पाय मोकळे करायला हॉलंड पार्कला गेले. प्रेस्टन यांचा लॅन्सडाउन स्टुडिओ तिथं लॅन्सडाउन हाउसच्या तळघरात होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चित्रकारांसाठी बांधलेली इमारत, उंच उंच खिडक्या, आणि बाहेरच्या निळ्या पाटीवर इथं राहून गेलेल्या चित्रकारांची नावं. आत जाता येत नाही, फ्लॅट आहेत. समोरच्या फुटपाथवर उभी राहून हेडफोनवर राग मेघ ऐकला, ग आणि ध वर्ज्य असलेला पावसाचा राग, आणि फेब्रुवारीतला लंडनचा पाऊस पडत होता, त्याला मेघ म्हणायचं की नुसती कटकट हा प्रश्नच आहे. हेडफोनमध्ये पाणी गेलं. कामाच्या दृष्टीने शून्य दिवस.

२३ फेब्रुवारी

आठवडाभर रोज रात्री हाताने क्लिक काढणं चालू आहे. पद्धत : वर मूळ ट्रॅक, खाली वजाबाकीचा. खाली टोक दिसलं की वर त्याच जागी मोठं करून पाहायचं. धुळीचा क्लिक मिलिसेकंदाच्या आतबाहेर संपतो, त्याला शेपूट नसते. बोलाला शेपूट असते, चाट घुमत राहते. धूळ असेल तर तेवढाच भाग निवडून दुरुस्त करायचा, आजूबाजूला हात लावायचा नाही. पाच मिनिटांच्या संगीताला मला सुमारे साडेतीन तास लागले, नंतर अडीचवर आले.

एक चूक इथंही. दुसऱ्या रात्री झोपेत दोन-तीन 'ति' उडवले, कारण बंद बोलाला शेपूट नसतेच! वजाबाकी न बघता डोळ्यांवर विश्वास ठेवला. मूळ फाइल वेगळी ठेवली होती म्हणून वाचले. मूळ फाइलीवर कधीच काम करू नका, आणि रात्री अकरानंतर तर कुठल्याच नको.

एवढं जवळून ऐकल्यावर एक कळलं. पाकिटावर सगळा भर मेयर आणि हॅरिअटवर आहे, ते बरोबरच आहे, लिहिलेलं एकाचं आणि उडणं दुसऱ्याचं. पण सॅक्सोफोन सुटून जातो तेव्हा ड्रम त्याच्या मागे जातात आणि तबला जात नाही. दोघांपैकी एकाला घरी थांबावं लागतं. ते साठे थांबतात म्हणून बाकीच्यांना हिंडता येतं असं माझं मत, जॅझवाले मान्य करतील न करतील.

१ मार्च

साठ्यांचा माग काढत पुढे गेले. यातलीच मंडळी इंडो-जॅझ फ्यूजन्स नावाने १९६७ आणि १९६८ मध्ये अजून दोन तबकड्या करतात. आणि ऑक्टोबर १९६७ मध्ये साठे, मोतीहार आणि तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर असे तिघं जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावी साबा कंपनीच्या स्टुडिओत, समोर स्विस पियानोवादक इरेन श्वाइत्सर यांची त्रयी, शिवाय ट्रंपेटवर मानफ्रेड शूफ आणि सॅक्सोफोनवर फ्रान्सचे बार्नी विलेन. तबकडीचं नाव जॅझ मीट्स इंडिया. जर्मन जॅझ-लेखक आणि निर्माते योआखिम-अर्न्स्ट बेरेंट यांच्या मालिकेतली ही तबकडी, याच मालिकेत जपान, बाली, ट्युनिशिया असेही गाठीभेटींचे प्रयोग आहेत. त्यातल्या एका तुकड्याचं नाव ब्रिगाख आणि गंगा. ब्रिगाख ही फिलिंगेनमधून वाहणारी छोटी नदी, पुढे ब्रेग नदीला मिळते आणि तिथून डॅन्यूब सुरू होते.

मूळ तबकडीची किंमत बघून गप्प बसले, स्ट्रीमिंगवर ऐकली. ही मला लंडनवाल्या तबकडीपेक्षा जास्त मोकळी वाटली. लंडनला मेयर सगळ्यांना कागदावरून धरून ठेवतात, इथं कागद कमी आणि हिंमत जास्त, काही ठिकाणी दोन पंगती शेजारी बसून आपापलं जेवतायत असंही वाटतं, पण जमतं तेव्हा फार जमतं.

शोधणाऱ्यांसाठी अजून एक नाव : हम दोनो, १९६९, हॅरिअट आणि गिटारवर अमान्सिओ डिसिल्वा, मुंबईत जन्मलेले, मुळचे गोव्याकडचे. त्यात बॅलड फॉर गोवा नावाची चीज आहे. तीही प्रेस्टन यांचीच. हॅरिअट १९७३ मध्ये गेले, पंचेचाळिशीही गाठली नाही. साठे पुढे इंग्लिश लोकसंगीतवाल्यांत, जॉन रेनबर्न यांच्या ग्रुपमध्ये वाजवत होते, २०१२ मध्ये गेले. म्हणजे मी या शहरात आले तेव्हा ते होते, आणि मला नाव माहीत नव्हतं.

८ मार्च

झालं एकदाचं. हिशेब : टर्नटेबल ८५, सुई २४, प्रीअँप ३८, बेल्ट ९, सफाई १७. एकूण १७३ पाउंड. तास ६० च्या वर, त्यातले निम्मे स्वतःच केलेलं निस्तरण्यात. तीन फाइली ठेवल्या : कच्ची स्टिरिओ, वजाबाकीची, आणि दुरुस्त केलेली मोनो. कुणाला पुढे माझ्यापेक्षा बरं जमलं तर कच्चीवरून सुरुवात करता येईल.

काकूंना नवीन फ्लॅटवर जाऊन ऐकवली. अर्धं मिनिट झालं असेल, मान हलवली, "आला तंबोरा." मग मी ७८ चं सांगून टाकलं. दोन महिने पोटात ठेवलं होतं. त्यांनी तबकडी हातात घेऊन उजेडात धरली, चिकट बाजूवरून नख फिरवलं. काही बोलल्या नाहीत. मग उलटी केली.

"ही पुसली नाहीस ना?"

नाही म्हटलं.

"मग हिच्यावर काय आहे ते तरी ऐकव."

७८ ला वेगळी सुई लागते आणि माझ्या टर्नटेबलवर ७८ चा वेगच नाही. शोधतेय.